ओले मास्तरांचा हिरवा

ओले मास्तरांनी आज काय रंगवलं, हे धारूरात कुणाला विचारावं लागत नसे. त्यांची जीभ बघितली की कळायचं. कुंचल्याला टोक आणायचं ते जिभेवरच, ही त्यांची जन्माची खोड. आभाळ रंगवून आले की जीभ निळी, उन्हाळ्यातला डोंगर रंगवून आले की गेरूसारखी लाल. आणि संध्याकाळची दरी काढली की असा काही काळसर जांभळा रंग चढायचा की गावात नव्याने आलेल्या हकीमसाहेबांनी त्यांना एकदा भर रस्त्यात धरलं, नाडी बघितली आणि "घरच्यांना बोलावून घ्या" म्हणून सांगितलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "हकीमसाहेब, ही घाटाखालची दरी आहे. जेवणापर्यंत उतरेल."

खरं नाव शाळेच्या दप्तरात असेल. गावाला ते ओले मास्तरच. कारण त्यांचं सगळंच ओलं. कागद ओला, बाही ओली, धोतराचा सोगा ओला, मिशीचं एक टोक तर कायमचं ओलं. भर वैशाखात गावातल्या विहिरींनी तळ दाखवला की पंचक्रोशीत ओली राहिलेली एकच वस्तू उरायची, ती म्हणजे मास्तरांची उजवी बाही. तिच्यावर चिमण्या येऊन बसत. एक कावळा तर पुढे पुढे इतका सोकावला की मास्तर रजेवर असले की शाळेच्या खिडकीत येऊन चौकशी करायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि माझे डोळे त्या काळी फार चांगले होते.

ते निजामाच्या अमदानीतले दिवस. शाळा सरकारी, कारभार उर्दूत, आणि मास्तरांची नेमणूक मुलांना वळणदार अक्षर शिकवण्यासाठी. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो आणि त्यांच्या शेजारच्याच घरात राहायचो. डोंगर रंगवायला मास्तरांना कुणी नेमलेलं नव्हतं. ते वेड त्यांनी ज्वानीत मोमिनाबादच्या छावणीतून आणलं होतं. अंबाजोगाईला तेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत. तिथल्या घोडदळाच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाला सुट्टीच्या दिवशी डोंगर रंगवायचा नाद होता, आणि साहेबाच्या डोक्यावर छत्री धरायचं काम मास्तरांकडे होतं. छत्री धरता धरता ते बघत राहिले. साहेब बदलून गेला तेव्हा रंगांची पेटी यांना देऊन गेला. मास्तर सांगायचे, "साहेबाला बालाघाट कधी जमला नाही, गुरुजी. त्याच्या डोंगरावर सदा थंडी पडलेली असायची. माणूस भला, पण त्याच्या हिरव्यात गवत विलायतेचं होतं."

म्हणून मास्तर पेटीतल्या तयार हिरव्याच्या वडीला हात लावत नसत. आपला हिरवा ते घरी करत. नीळ आणि पिवळी पिवडी, वर चिमटीभर गेरू. "आपल्याकडचा हिरवा तहानलेला असतो," ते म्हणायचे. "त्यात थोडी माती लागतेच."

घरात त्यांच्या चित्रांनी जागा अशी व्यापली होती की माणसांनी कुठे बसावं हा प्रश्नच होता. कागद ओला करून ताणून चिकटवायला सपाट लाकूड लागतं, आणि घरात सपाट लाकूड म्हणजे जेवायला बसायचे पाट. त्यामुळे मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, घरातल्या प्रत्येक पाटावर एकेक डोंगर सुकत पडलेला असे. पाहुणा आला की वहिनी आतून म्हणायच्या, "अहो, ती खिंड उचला, भाऊजी बसतील." एकदा गावातले एक वजनदार गृहस्थ न बघता पाटावर टेकले आणि जेवून, विडा खाऊन, तृप्त होऊन बाजारातून घरी गेले. धोतराच्या मागच्या बाजूला किल्ल्याचा बुरूज, त्याखालचा तलाव आणि वर उतरतं ऊन, सगळं जसंच्या तसं उमटलेलं. बाजारातली माणसं दुकानं सोडून त्यांच्या मागे चालत गेली. गृहस्थांना वाटलं, आपला मान वाढला. वहिनींनी मात्र त्या दिवसापासून पाहुण्यांना जमिनीवर घोंगडी घालून बसवायला सुरुवात केली.

मी ही गोष्ट सांगायला लागलो की मास्तर माझ्याकडे न बघता, कुंचला खळबळत म्हणायचे, "गुरुजी, रंग घट्ट झाला. जरा पाणी घाला." हे त्यांचं माझ्यासाठी राखून ठेवलेलं वाक्य. शाळेत, पारावर, फिरायला जाताना, मी जरा कुठे रंगात आलो की ते वाक्य यायचंच. मी म्हणायचो, बिबट्या घोड्याएवढा होता. ते म्हणायचे, पाणी घाला. मी तो बैलावर आणायचो. पाणी घाला. मी वासरापर्यंत उतरायचो. शेवटी बिबट्याचं मांजर झालं आणि मी गप्प बसलो की ते समाधानाने मान हलवायचे. "आता बरोबर आला."

कारण त्यांचा स्वतःचा कायदाच तसा होता. जे समोर नाही ते कागदावर येणार नाही, आणि जे समोर आहे ते गाळलं जाणार नाही. एका देशमुखांनी किल्ल्याचं चित्र मागितलं होतं आणि वर सांगितलं होतं की त्यात आमचा वाडा जरा किल्ल्याजवळ सरकवा. मास्तर म्हणाले, "सरकवतो की. आधी तुम्ही सरकवा, मग मी सरकवतो." देशमुखांनी पुढे वर्षभर त्यांचा नमस्कार घेतला नाही. मास्तरांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांना वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. कधी कधी चित्र पुरं झालं की ते भिंतीला टेकवून लांब जाऊन बसायचे आणि म्हणायचे, "एकदा कुणीतरी जाणता माणूस हे बघायला पाहिजे, गुरुजी. वाहवा करायला नव्हे. चुकलंय कुठं ते सांगायला. तुम्ही काय, सगळ्यालाच छान म्हणता." हे खरं होतं. मला तर पाटसुद्धा आवडायचे.

आता गंमत अशी की मास्तर घाटात पाट घेऊन बसले की खालचे शेतकरी धास्तावत. कागद घेऊन, एक डोळा मिटून, काडी आडवी धरून रानाकडे बघणारा माणूस त्यांनी एकच पाहिला होता, तो म्हणजे जमिनीची मोजणी करणारा. त्यामुळे त्यांची ठाम समजूत झाली की मास्तर हे सरकारचं माणूस आहे आणि हा जमीन मोजायचा नवा रंगीत प्रकार आहे. जिथं हिरवं काढलं तिथं पाणी आहे, आणि जिथं पाणी आहे तिथं शेतसारा वाढणार. मग मास्तर बसले की कुणी ना कुणी ताकाचा तांब्या घेऊन चढून यायचंच. भीमाआप्पा नावाचे एक थोराड शेतकरी होते, ते तर मास्तरांच्या शेजारी मांडी घालून बसायचे.

"मास्तर, आमचं रान तेवढं तांबूस काढा."

"हिरवं आहे, आप्पा."

"हाय. पर तुमी तांबूस काढा. कावून म्हणाल तर, ती हीर दोन-चार महिन्यांत आटतीच."

"आटली की तांबूस काढतो. आज हिरवं आहे."

"ताक घ्या."

मास्तर ताक घेत. आप्पा आशेने कागदाकडे बघत. मास्तर कुंचला जिभेवर फिरवत आणि आप्पांचं रान होतं तितकंच हिरवं काढत. आप्पा रिकामा तांब्या घेऊन खाली उतरत आणि वाटेत भेटेल त्याला सांगत, "ताक पिऊन बी हिरवंच काढलं बे. सरकारचा लई कडक हाकीम हाय." मास्तर त्यांना पुन्हा पुन्हा समजावत, की हे चित्र आहे, नकाशा नव्हे, सरकार चित्र बघून सारा लावत नाही. कुणाचा विश्वास बसायचा नाही. मास्तर मला म्हणायचे, "काय भोळी माणसं." मी पण हसायचो.

सगळ्या दरीत उलटी मागणी करणारा एकच माणूस होता. ते चाँदचाचा बागवान.

घाटाच्या वळणाखाली एक कडा आहे. त्या कड्याच्या पोटात, दरीच्या अगदी तळाला, एक लहानसा झरा. चाचांच्या वडिलांनी तिथले दगड उचलून उचलून पेरू आणि लिंबं लावली होती. ते दगड त्यांनी इतके उचलले की चाचांच्या सांगण्याप्रमाणे मूळची दरी याच्या निम्म्यानेही खोल नव्हती. (हे चाचा म्हणायचे, मी नव्हे.) सरकारी कागदावर ती जागा पडीक, खडकाळ, सरकारची. बागेचा तिथे उल्लेख नव्हता. वरच्या रस्त्यावरून ती दिसायची नाही. कड्याच्या टोकाशी एका विशिष्ट दगडावर बसलं तरच दिसायची, आणि त्या दगडावर मास्तरांशिवाय कुणी बसत नसे. बाजारात चाचांचे पेरू सगळे खायचे, कुठून येतात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं. चवच तशी होती.

चाचा बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन वर चढले की मास्तरांजवळ थांबायचे. "मास्टर, मेरा बाग कब निकालते? सब का निकाले. मेरे कू क्या दुश्मनी?"

"काढणार, चाचा. उन्हाळ्यात काढतो. सगळं वाळलं की तुमची बाग नीट दिसते."

"देखो, हिरवा पक्का लगाना. कमती नको करू."

आणि एका उन्हाळ्यात मास्तरांनी ती काढली. त्या चित्राबद्दल मी पाणी घालून सांगतो, म्हणजे विश्वास बसेल. आडवा कागद, वरपासून खालपर्यंत वाळलेला बालाघाट. पिवळं गवत, तापलेला खडक, उन्हाने पांढरं पडलेलं आभाळ. कड्याची सावली दरीत उतरते आणि उतरता उतरता निळी होत जाते. आणि त्या सावलीच्या टोकाला, अगदी तळाशी, अंगठ्याच्या नखाएवढा हिरवा. बस. पण तो हिरवा झाकून बघितलं तर चित्रात नुसते दगड उरायचे, आणि हात काढला की सगळी दरी श्वास घ्यायला लागायची. मी नेहमीप्रमाणे काहीतरी भलंमोठं बोलणार होतो, पण तोंडातून निघालं ते एवढंच, की मास्तर, हे झालं. मास्तर पहिल्यांदाच म्हणाले, "हो, मलाही तसंच वाटतंय."

त्याच सुमारास महसुलातले एक बडे साहेब दौऱ्यावर आले. गोरेपान, हळू बोलणारे, हैदराबादचे. शाळा तपासायला म्हणून सहज आले आणि मुलांच्या अक्षरांवरून मास्तरांकडे वळले. मी मध्येच सांगून टाकलं की हे चित्रं काढतात, आणि जे समोर नाही ते कधी काढत नाहीत. साहेबांचे डोळे बदलले. म्हणाले, "हम देखना चाहेंगे."

संध्याकाळी ते मास्तरांच्या घरी आले. पाटांवर डोंगर होते म्हणून शाळेतून खुर्ची आणून ठेवली होती. साहेबांनी एकेक चित्र हातात घेतलं, आणि मी हरखून गेलो, कारण हा माणूस वाहवा करत नव्हता. "इथे घाई झाली." "इथे कागद सुकू द्यायला हवा होता." "हा ढग चांगला, पण याला वजन नाही." मास्तर प्रत्येक शब्दाला मान डोलवत होते आणि त्यांचा चेहरा असा उजळत चालला होता, जसं एखाद्याला परमुलखात अचानक आपली बोली ऐकू यावी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना, चुकलंय कुठं, ते सांगत होतं.

मग मास्तरांनी उन्हाळ्याची दरी पुढे ठेवली.

साहेबांनी ती उजेडाकडे वळवली. मग त्यांनी पुढे वाकून, बोट न टेकवता, नेमकी ती जागा दाखवली. "ये जो सब्ज़ है ना, मास्टरसाहब. तस्वीर की जान यही है. बाकी सब इसी के लिए है."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब सांगत होते की हैदराबादेत त्यांच्या ओळखीचे एक मोठे नवाब आहेत, त्यांना सगळ्या मुलखातले डोंगर आणि किल्ले रंगवून घ्यायचे आहेत, चित्रकार शोधताहेत. हे एक चित्र नेऊन दाखवलं की बोलावणं आलंच म्हणून समजा. दारामागे वहिनींच्या बांगड्या वाजल्या. मी तर मनातल्या मनात मास्तरांना हत्तीवर बसवून चारमिनारला प्रदक्षिणाही घालून आणली.

आणि मग साहेब, चित्राकडे बघता बघताच, सहज म्हणाले, "मगर ये है कहाँ? ये तो घाट के नीचे की दरी है. आज सुबह ही मैंने यहाँ के काग़ज़ देखे. वहाँ तो सब बंजर लिखा है."

त्यांनी धमकी दिली नाही. आवाजही चढवला नाही. चित्र बघणारा माणूस बोलता बोलता महसुलाचा माणूस झाला, एवढंच. पण मला भीमाआप्पांचा ताकाचा तांब्या आठवला. ती बाग कागदावर आली असती तर जमीन सरकारची म्हणून चाचांचं बिऱ्हाड तिथून उठलं असतं, बापाने लावलेल्या झाडांसकट सगळं गेलं असतं. भोळी माणसं म्हणून आम्ही ज्यांना हसत होतो, ती बरोबर होती. चित्र वाचता येणारा हाकीम भेटला की चित्राचा नकाशा होतो.

मास्तर क्षणभर त्या हिरव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शेजारचा कुंचला उचलला, पाण्यात बुडवला आणि सावकाश त्या हिरव्यावर फिरवायला लागले. फिरवला, सवयीने जिभेवर ओढला, पुन्हा बुडवला, पुन्हा फिरवला. रंग सुटला. धोतराच्या सोग्याने टिपला. पुन्हा फिरवला. नखाएवढी जागा, पण मला वाटलं हा माणूस अख्खी दरी खरवडून काढतोय. शेवटी तिथे एक मळकट डाग उरला.

"थेंब पडला होता, साहेब," मास्तर म्हणाले. "पुसायचा राहून गेला. तिथं हिरवं काही नाही."

हे सांगताना त्यांची जीभ हिरवीगार झाली होती.

साहेबांनी ती जीभ बघितली. मी बघितली. दाराआडून वहिनींनी पण बघितली असणार. खोटं बोलायची अजिबात सवय नसलेला माणूस खोटं बोलायला लागला की असं होतं. त्या क्षणी मला कळलं, आता हे काम जाणत्याच्या हातात घेतलं पाहिजे.

साहेब म्हणाले, "अजीब बात है. कल मैं खुद उस कगार से देख लेता हूँ."

"अवश्य बघा, साहेब," मी म्हणालो, "फक्त अंगावर घोंगडं जाड घ्या." आणि मी सुरू केलं. त्या कड्याला आग्या मोहोळ आहे. साधं नव्हे, एकेक पोळं नगाऱ्याएवढं. मागे एक वऱ्हाड त्या कड्याखाली थांबलं होतं, कुणीतरी हुक्का पेटवला, आणि मग नवरदेवाचा घोडा जो सुटला तो मोमिनाबादच्या छावणीत जाऊनच उभा राहिला. नवरदेव वर होता की नव्हता हे त्याला स्वतःला सांगता येईना, कारण त्याचं तोंड सुजून मुंडावळ्या आत गेल्या होत्या. नवरीने ओळखायला नकार दिला. लग्न मोडलं. तो बिचारा अजून अविवाहित आहे, आणि मध बघितला तरी रडतो.

हे सगळं मी एका दमात सांगितलं आणि मग घाबरलो, कारण मास्तर शेजारी बसले होते. इतक्या वर्षांत माझी एकही गोष्ट या माणसाने पाण्याशिवाय सोडली नव्हती. साहेब त्यांच्याकडे वळले. "क्यों मास्टरसाहब? ये सच है?"

मास्तरांनी कुंचला नीट पुसून ठेवला. "खरं आहे," ते म्हणाले. "उलट गुरुजींनी जरा कमीच सांगितलं."

साहेब खूप वेळ आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग उठले. त्या चित्राकडे शेवटचं बघून म्हणाले, "जान थी इसमें. आपने अपने हाथ से निकाल दी." दुसऱ्या दिवशी त्यांचा तळ पुढच्या मुक्कामाला हलला. कड्याकडे ते गेले नाहीत. माझ्या मोहोळावर त्यांचा विश्वास बसला, की हिरवी जीभ त्यांना नीट वाचता आली, हे मला आजतागायत सांगता आलेलं नाही. मी लोकांना दोन्ही सांगतो, समोर कोण बसलंय ते बघून.

चित्र त्यांनी नेलं नाही. हैदराबादचं बोलावणंही कधी आलं नाही. साहेब गेल्यावर वहिनी बाहेर आल्या, पाण्याचं भांडं उचललं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. मला तिथं करमलंच नसतं. एवढ्या मोठ्या शहरात." त्या दिवशी त्या घरात खोटं बोलायची साथच आली होती. वहिनींना हैदराबादला जायची किती हौस होती, हे आमच्या घरात माझ्या बायकोला पाठ होतं.

पण मास्तरांना सर्वात जड गेलं ते पुढच्या बाजाराच्या दिवशी. चाचा टोपली घेऊन थेट घरीच आले. बाग काढली असं त्यांना कुठूनतरी कळलं होतं. आंघोळ करून, स्वच्छ टोपी घालून, लग्नाला आल्यासारखे आले होते. मास्तरांनी लपवायच्या आत चित्र त्यांनी हातात घेतलं. कडा ओळखला, सावली ओळखली, बोट फिरवत फिरवत खाली आणलं, आणि त्या मळकट डागावर येऊन थांबले.

"मास्टर," ते म्हणाले, "मेरा बाग?"

मी तोंड उघडलं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी ते मिटलं. चाचांना खरं सांगितलं असतं तर चाचांनी ते अभिमानाने सगळ्या बाजाराला सांगितलं असतं. त्यांच्या पोटात काही राहत नसे, आणि बाजारात कुणाचेही कान असतात.

"जमलं नाही, चाचा," मास्तर म्हणाले. "लई खटपट केली. तेवढा हिरवा मला जमला नाही."

तोवर मी त्यांची तीनच खोटी वाक्यं ऐकली होती. तिन्ही याच गोष्टीतली आहेत. पण हे तिसरं बोलताना त्यांचा आवाज जो झाला, तो मला कागदावर आणता येणार नाही. आपल्या हिरव्यासाठी नीळ, पिवडी आणि गेरू आयुष्यभर खलणारा माणूस हे बोलत होता.

चाचांचा चेहरा पडला. मग मास्तरांचा चेहरा बघून त्यांना उलट मास्तरांचीच दया आली. "जाने दो," ते म्हणाले, "होता ऐसा. आदमी को सब थोडाच आता. पेरू खाओ तुम." आणि टोपलीतले निवडून निवडून पेरू काढून पाटावर ठेवायला लागले.

त्यानंतर दर हंगामात चाचांचे पेरू मास्तरांच्या घरी येत राहिले, हिरवा न जमलेल्या माणसाचं सांत्वन म्हणून. एवढ्यावर थांबते तर चाचा कसले. बाजारात चित्राचा विषय निघाला की टोपलीमागून त्यांचा आवाज यायचा, "हमारे मास्टर? हीरा आदमी. दिल का साफ. बस, हिरवा नै जमता उनकू." लोकांनी ते उचललं. शाळेतली पोरं म्हणायला लागली. भीमाआप्पासुद्धा एकदा घाटात ताक देताना समाधानाने म्हणाले, "मास्तर, तुमाला हिरवं येत न्हाई म्हणत्यात. मग आमचं कावून येवढं हिरवं काढलंतं?" मास्तर ताक प्यायले, मिशी पुसली आणि म्हणाले, "चुकून जमलं असेल, आप्पा."

मी एकदा चिडून म्हणालो, "मास्तर, हे मला सोसत नाही. मला सांगू द्या." ते म्हणाले, "कुणाला सांगणार? आणि तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार?" मग हसले. त्यांचं हसणं असं होतं की आवाज यायचा नाही, फक्त ओली मिशी हलायची. "गुरुजी, बाग तिथं आहे ना? रोज बघतो मी. कागदावर नसली म्हणून काय झालं, दगडावर बसलं की दिसते." आणि ते खरोखर बसायचे. म्हातारपणी डोळे अधू झाले, कुंचला हातात थरथरायला लागला, तरी काठी टेकत त्या दगडापर्यंत जायचे, कागद न घेता. मी सोबत असायचो. खाली बघत राहायचे.

मास्तर एका थंडीत गेले. चाचा दरीतून चढून आले होते. स्मशानात कडेला उभं राहून बघत राहिले आणि मग माझा हात धरून म्हणाले, "बहोत सीधा आदमी था. एक बाग नै निकाल सका, उसका गम था उसकू. मेरे कू मालूम है." गोष्ट पोटात घेऊन संध्याकाळपर्यंतही थांबू न शकणारा मी माणूस, ही गोष्ट मात्र वर्षानुवर्षं सांभाळली. ती सांगितल्यावर काय होईल हे मला माहीत होतं, आणि जमीन अजून सरकारचीच होती.

पुढे बऱ्याच काळाने नवी मोजणी झाली. जुने हाकीम गेले, नवे आले. पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्यांच्या नावे तुकडे करून देण्याचा हुकूम निघाला आणि ती बाग चाचांच्या नावावर चढली. तोवर चाचांचं वय इतकं झालं होतं की पेरू त्यांचा नातू घाटावर चढवायचा आणि चाचा नुसते टोपलीमागे बसायचे. ज्या दिवशी नाव चढल्याचं कळलं, त्या दिवशी मी खाली बागेत गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट जशी घडली तशी सांगितली. काहीही वाढवलं नाही. वाढवायला जागाच नव्हती.

चाचा ऐकत राहिले. मध्ये एकदा विचारलं, "साहब के सामने पोंछे? अपने हाथ से?" मी हो म्हणालो. मग ते झऱ्याकडे वळून बसले. नंतर म्हणाले, "और मैं बजार में क्या क्या बोलता फिरा." मी म्हणालो, चाचा, त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. हे मात्र मी थोडं वाढवून सांगितलं.

त्याच आठवड्याच्या बाजाराला मी मुद्दाम गेलो. चाचा आपल्या जागेवर बसले होते. पेरू घ्यायला येईल त्याला, मग ती लेकरू कडेवर घेतलेली बाई असो, रोहिल्या पठाणांतला कुणी असो की घाटाखालून पहिल्यांदाच आलेला वाणी असो, वजन करून पेरू ओटीत टाकताना ते एकच वाक्य सांगत होते. "ओले मास्टर कू हिरवा जमता था." मास्तर जाऊन इतकी वर्षं झाली होती की निम्म्या गिऱ्हाइकांना हे कोण हे माहीत नव्हतं. काही जण गोंधळून बघायचे, काही म्हातारबाबाचं डोकं फिरलं म्हणून हसून जायचे. नातू ओशाळून म्हणत होता, "दादा, तुम वजन करो ना." चाचा वजन करायचे, टोपलीत हात घालायचे, आणि पुढचं गिऱ्हाईक आलं की त्याच्या तोंडाकडे नीट बघून, त्याला कळेल असं सावकाश, पुन्हा सांगायचे.